गावात राहून पेटी शिकायची तर

आमच्या भागातल्या बहुतेक गावांत एक तरी पेटी, म्हणजे हार्मोनियम, सापडते. मारुतीच्या देवळातल्या कपाटात असते, नाहीतर सरपंचाच्या जुन्या वाड्यात, वर शाल पांघरलेली. वाजवणारा मात्र गावाला एकच. तो आजारी पडला, नाहीतर पोराकडे पुण्याला गेला, की त्या गुरुवारचं भजन नुसत्या टाळांवर होतं. मग कोणीतरी म्हणतंच, "कोनी शिकून घ्या रे बाप्पा." दोन-चार पोरं महिनाभर येतात, 'सारेगम' वाजवतात आणि सोयाबीन सोंगायला आलं की गायब होतात.

हा लेख त्या पोरांसाठी, आणि त्यांच्या आयाबहिणींसाठीही. मी अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा तालुक्याच्या बाजूचा. वावर करतो, कापूस-तूर घेतो आणि वीसेक वर्षं भजनी मंडळात पेटीवर बसतो. राग म्हणजे काय हे मला उशिरा, चाळिशीत कळलं. त्यामुळे नवखा नेमका कुठे अडतो हे अजून लक्षात आहे.

आधी वाद्य कोणतं?

सतार, सारंगी, व्हायोलिन ही वाद्यं मोठी आहेत. पण गावात ती शिकवणारा नाही आणि तार तुटली तर बदलून देणाराही नाही. मिरजेला सतारी-तंबोरे बनवणारी घराणीच्या घराणी आहेत, पण मिरज आपल्यापासून एका रात्रीचा प्रवास. बासरी स्वस्त, पण पहिले दोन महिने फुंकच लागत नाही. शिवाय आपल्या जंगलात मिळणारा मानवेल बांबू भरीव आणि जाड सालीचा. काठीला, मांडवाला उत्तम, बासरीला नाही. बासरी घ्यायची तर पातळ सालीच्या, लांब पेराच्या बांबूची, जाणकाराकडून सुरात तपासूनच घ्या. जत्रेतल्या बासऱ्या बहुतेक बेसूर असतात.

कीबोर्डला वीज लागते, आणि आपल्याकडे वीज कधी असते ते मोटरपंपवाल्याला विचारा.

राहिली पेटी. सूर आयते मिळतात, वीज लागत नाही, गावात रोज उपयोग होतो. देशी वाटत असली तरी ती मूळची फ्रान्सची. १८४२ मध्ये तिकडे हार्मोनियमचं पेटंट निघालं, ती पायाने हवा भरायची होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी जमिनीवर बसून हाताने भाता मारता येईल अशी पेटी घडवली. तिथून ती नाटकात गेली, कीर्तनात गेली आणि आपल्या देवळात आली.

पेटी घेताना

शक्यतो पहिली सहा महिने घेऊच नका. देवळातलीच मागा. सकाळी कोणी वापरत नाही आणि अध्यक्षांना आनंदच होतो.

घ्यायचीच झाली तर मी केलेली चूक करू नका. मी पहिली पेटी नक्षीकाम पाहून घेतली. मोरपंखी रंग, पितळी कड्या. दुकानदाराने स्वतःच दोन गाणी वाजवून दाखवली आणि मी पैसे मोजले. घरी आणल्यावर कळलं की भाता गळतो आणि वरच्या सप्तकातले दोन सूर एकमेकांशी भांडतात. दुकानदाराच्या हाताखाली कोणतीही पेटी गोड वाजते. तुम्ही स्वतः हे पाहा.

भाता पूर्ण उघडून हवा भरा. एकही पट्टी न दाबता भाता हाताने लोटा. तो घट्ट राहिला पाहिजे. हळूहळू आत जात असेल तर कुठेतरी गळती आहे. मग एकेक पट्टी दाबून प्रत्येक सूर ऐका, अगदी टोकाचेसुद्धा. कोणता उशिरा बोलतो, कोणता घरघरतो, कोणती पट्टी दाबल्यावर वर येत नाही, ते लिहून काढा. त्यानंतर एक सूर आणि त्याच्या बरोबर वरच्या सप्तकातला तोच सूर एकत्र दाबा. आवाज एकजीव आला पाहिजे. 'वंव-वंव' अशी लाट ऐकू आली तर ट्यूनिंग हललेलं आहे.

पेटीच्या आत आवाज काढणाऱ्या पितळी जिभा असतात, त्यांनाही लोक 'सूर' म्हणतात. खर्ज (जाड आवाजाचे), नर (मधले) आणि मादी (बारीक) अशी त्यांची नावं. गुजरातेतलं पालिताणा या सुरांसाठी प्रसिद्ध आहे. या सुरांच्या दोन ओळींची म्हणजे डबल सुराची पेटी नवख्याला पुरते. ३९ पट्ट्यांची सव्वातीन सप्तकांची किंवा ४२ पट्ट्यांची साडेतीन सप्तकांची, कोणतीही चालेल. 'स्केल चेंजर' मात्र घेऊ नका. त्यात पट्ट्यांची अख्खी पाटी सरकवून सा बदलता येतो. महाग असते, वजनदार असते, बिघडली तर तालुक्यात कोणाच्या हाती लागत नाही. आणि खरं कारण असं की, तिच्यामुळे तुम्ही कायम एकाच पट्टीत वाजवायला शिकता. पुढे दुसऱ्याच्या साध्या पेटीवर बसलात की बोटं आंधळी होतात.

पट्ट्यांची नावं आणि तुमचा सा

पेटीकडे पाहा. काळ्या पट्ट्या दोन, मग तीन, पुन्हा दोन, पुन्हा तीन अशा गटांत दिसतील. दोनच्या गटातली पहिली ती काळी एक, दुसरी काळी दोन. तीनच्या गटातल्या काळी तीन, चार, पाच. काळी एकच्या लगेच डावीकडची पांढरी ती पांढरी एक, आणि तिथून पुढे पांढरी सातपर्यंत. सात पांढऱ्या, पाच काळ्या, मिळून बारा, हे एक सप्तक. तेराव्या पट्टीपासून पुन्हा तेच वरच्या सप्तकात.

'तुमची पट्टी कोणती?' असं कोणी विचारलं तर त्याचा अर्थ तुमचा सा कोणता. आपल्या संगीतात सा ठरलेला नाही, ज्याच्या गळ्याला जो सोसेल तो त्याचा सा. बाकीचे सगळे सूर त्याच्यापासून मोजायचे.

शोधायचा असा. एक पट्टी धरून 'आ' लावा. तिथून हळूहळू खाली मंद्र पंचमापर्यंत (खालच्या सप्तकातला प) उतरा, मग वर तार गंधारापर्यंत (वरच्या सप्तकातला ग) चढा. खाली आवाज पुटपुटला तर सा वर घ्या, वर मानेच्या शिरा ताणल्या तर खाली घ्या. पुरुषांचा सा बहुतेक वेळा पांढरी एक ते काळी दोनच्या आसपास बसतो, बायकांचा काळी चार-पाचच्या आसपास. पण हा अंदाज झाला, गळा सांगेल ते खरं.

इथे मला एक बोलायचंच आहे. आपल्याकडच्या महिला मंडळात पेटीवर बहुधा बाप्या बसतो आणि त्याच्या सवयीने काळी एक धरतो. मग बायका एक तर तळघरातून गातात, नाहीतर किंचाळतात. लोक म्हणतात, बायांना सूर नाही. अहो, सूर आहे, पट्टी तुमची आहे! पेटीमास्तरने चार पट्ट्या फिरून पाहायला तयार असावं. महिला मंडळातल्याच एखादीने पेटी शिकली तर प्रश्नच मिटला.

सूर मोजायचे कसे

सात शुद्ध सुरांमधली अंतरं पट्ट्यांनी मोजा, काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून. सा ते रे दोन पट्ट्या, रे ते ग दोन, ग ते म एक, म ते प दोन, प ते ध दोन, ध ते नि दोन, नि ते वरचा सा एक. हा हिशेब पाठ झाला की कोणत्याही पट्टीवरून सप्तक काढता येतं.

काळी एकवरून काढून पाहू. सा काळी एक, रे काळी दोन, ग पांढरी चार, म काळी तीन, प काळी चार, ध काळी पाच, नि पुढच्या सप्तकातली पांढरी एक आणि वरचा सा पुढची काळी एक. बोटं अशी ठेवा: सा-रे तर्जनी आणि मधलं बोट, ग अंगठा, म-प-ध तर्जनी, मधलं, अनामिका, नि पुन्हा अंगठा, वरचा सा तर्जनी. म्हणजे अंगठा फक्त पांढऱ्यांवर पडतो. पहिल्या आठवड्यात बोटं अडखळतात, नंतर आपोआप वळतात. एका बोटाने टकटक करत वाजवायची सवय लागली तर ती मोडायला वर्ष जातं.

शुद्धच्या डावीकडची पट्टी म्हणजे कोमल. रे, ग, ध, नि हे चार कोमल होतात. म उजवीकडे सरकतो, त्याला तीव्र म्हणतात. सा आणि प हलत नाहीत. पुस्तकात भातखंडे पद्धतीने लिहिलं असेल तर कोमल सुराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सुराखाली टिंब आणि तार सुरावर टिंब दिसेल. विष्णु दिगंबर पलुसकरांची लिपी वेगळी आहे. दोन पुस्तकं एकत्र चाळली की गोंधळ होतो, म्हणून सुरुवातीला एकच धरा.

पहिले चाळीस दिवस

बसणं सरळ. मांडी घालून, पेटी गुडघ्यांसमोर. डाव्या हाताने भाता, उजव्याची बोटं पट्ट्यांवर. भाता म्हणजे पेटीचा श्वास. दणादण मारलात तर सूर थरथरतो आणि हिसका बसतो. सावकाश, हवा संपायच्या आधी पुढचा घास भरायचा. पहिले दोन दिवस एकच सूर धरून आवाज न हलवता नुसता भाता मारा. घरचे वैतागतील. शेजारची म्हैसही वैतागेल.

मोबाइलवर तंबोऱ्याचं फुकट ॲप मिळतं. ते उतरवून घ्या, तुमच्या सावर लावा, नेट नसलं तरी चालतं. खऱ्या तंबोऱ्याला चार तारा असतात: पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या षड्जाच्या (म्हणजे सा), शेवटची खर्जाची (खालचा सा). ॲप तेच वाजवतं. एक तपासा: पेटीची मधल्या सप्तकातली पांढरी सहा सेकंदाला ४४० कंपनांना लागलेली आहे का. जुन्या पेट्या थोड्या चढ-उतार असतात. पेटी मोबाइलशी जुळवता येत नाही, तेव्हा ॲपमधला बारीक फरकाचा काटा हलवून तंबोराच पेटीशी जुळवा. नाहीतर दोघांच्या भांडणात तुमचा कान बिघडेल.

आता महत्त्वाची गोष्ट. ज्यांच्या मांडीशी मी शिकलो ते बुवा म्हणायचे, "पेटी तुले सूर दाखोवते, शिकोवत नाई." ते मला पट्टी दाबूच देत नसत. आधी म्हणायचं, मग दाबून पाहायचं. मला तेव्हा राग यायचा. आज मी पोरांना तेच सांगतो. गणिताच्या पुस्तकात मागे उत्तरं असतात ना, पट्टी म्हणजे ते उत्तर. आधीच उघडून पाहिलं तर गणित सुटत नाही. तंबोरा लावा, सा म्हणा, मनात रे धरा, गळ्यातून काढा, तो रेच आहे अशी खात्री वाटली की मग पट्टी दाबा. चुकलात तर कळेल. बरोबर आलात तर अंगावर काटा येईल. पहिले चाळीस दिवस रोज वीस मिनिटं, वावरात जायच्या आधी, एवढंच करा.

गायचं नाही, फक्त वाजवायचं आहे असं म्हणणारे भेटतात. गळा चांगला नसला तरी चालतो, पण सूर आतून म्हणता आला नाही तर पेटी कितीही वाजवा, टाइपरायटरच वाटतो.

त्यासोबत अलंकार. सारे, रेग, गम असे दोन-दोनचे. मग सारेग, रेगम, गमप, मपध, पधनि, धनिसां असे तीनचे, आणि उलटे येताना सांनिध, निधप, धपम, पमग, मगरे, गरेसा. आधी सावकाश, हाताने टाळी देत. वेग वाढवायची घाई नको. घाईत चुकीचं बोटच पक्कं होतं.

पाच काळ्या पट्ट्या

आता गंमत. काळी तीनला सा धरा आणि फक्त काळ्या पट्ट्या वाजवा: काळी तीन, चार, पाच, पुढची एक, पुढची दोन, पुढची तीन. सा रे ग प ध सां. हा भूप. पांढऱ्यांना हातच लावायचा नाही, चूक करायची सोयच नाही. म्हणून मी प्रत्येक नवख्याला पहिला राग भूप काळी तीनवरून देतो. बोटांची शिस्त इथे थोडी मोडते, अंगठाही काळीवर येतो. पण ही पट्टी फक्त ओळखीसाठी. पाठ झाल्यावर भूप तुमच्या सावर नेऊन ठेवा.

याच पाच पट्ट्या ठेवून फक्त सा बदला, ॲपमधला तंबोराही त्या पट्टीवर न्या, आणि पाहा काय होतं. काळी चारला सा धरलात तर सा रे म प आणि कोमल नि मिळतो, हे सूर मधमाद सारंग रागाचे. काळी पाचला धरलात तर सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नि, म्हणजे मालकंसाचे. मालकंसात पंचम नाही, तेव्हा तंबोऱ्याची पहिली तार मध्यमाची करा. काळी एकला धरलात तर सा रे म प ध, दुर्गेचे. काळी दोनला धरलात तर धानीचे. पट्ट्या त्याच, बोटं तीच, फक्त घर कुठलं ते बदललं की सगळी हवा बदलते. याला मूर्च्छना म्हणतात. हा खेळ मला पहिल्यांदा कळला ती रात्र मी झोपलो नाही. बायको म्हणाली, "सकाळी पराटीले पानी द्याचं हाये, याद हाये ना?"

पण इथेच एक खड्डा आहे. सूर मिळाले म्हणजे राग मिळाला असं नाही. भूप आणि देसकार यांचे पाचही सूर तेच. भूपात गंधार मुख्य, म्हणजे वादी, आणि धैवत (ध) त्याचा संवादी, म्हणजे दुसऱ्या मानाचा सूर. फिरणं खालच्या अंगात, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात: 'सा रे ग, रे सा ध़, सा रे ग, प ग, ध प ग रे सा'. यातला टिंब दिलेला ध मंद्र सप्तकातला. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरात गातात. देसकारात धैवत मुख्य, फिरणं वरच्या अंगात, वेळ सकाळची: 'सां ध, प, ग प ध प, ग रे सा'. दोन्ही पंधरा-पंधरा मिनिटं वाजवून पाहा. देसकार वाजवताना गंधारावर फार वेळ बसलात की देसकार निसटून भूप होतो, तुमच्याच हातात.

(आणखी एक घोळ. आपल्याकडे पहाटे देवाला उठवायच्या गाण्यांना भूपाळ्या म्हणतात आणि भूप राग रात्रीचा. दोन्ही एकच समजून मी एकदा मास्तरांशी अर्धा तास वाद घातला होता.)

म्हणून माझा आग्रह असा की, पहिल्या वर्षात दोन राग शिका. भूप आणि मग यमन, नाहीतर दुर्गा. यमनात सातही सूर आहेत आणि म तीव्र. एका रागात सहा महिने राहिलात तरी चालेल. मोबाइलवर लोक महिन्यात वीस राग शिकवतात, ते वीस आरोह-अवरोह, म्हणजे सुरांची नुसती चढ-उतार असते.

ताल, थोडक्यात

ताल कळायला तबला लागत नाही, टाळ पुरतात. भजनी ठेका आणि केरवा आठ मात्रांचे, दादरा सहाचा, झपताल दहाचा, एकताल बाराचा, तीनताल सोळाचा. तीनतालात पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली, म्हणजे टाळी न देता हात मोकळा. ट्रॅक्टरवर बसून मोजा, निंदताना मोजा. समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, नेमकं येता आलं की अर्धं काम झालं. आपल्याकडे एक फायदा आहे. तुकडोजी महाराजांमुळे खंजेरीची लय इथल्या पोरांच्या अंगात आधीच असते. सामुदायिक प्रार्थनेला बसलेलं सहा वर्षांचं पोरही बरोबर जागी टाळी देतं.

ऐकून चाल बसवणे

तुम्हाला शिकायचं आहे ते शेवटी यासाठीच. लिहिलेली सरगम पाठ करू नका. जी चाल झोपेतही म्हणता येते ती घ्या, आईची ओवी, गावातली आरती, काहीही. तंबोरा लावून आधी पूर्ण म्हणा. मग पाहा, ओळ शेवटी कुठे येऊन टेकते. बहुतेक वेळा तो सा असतो. तो सापडला की उलटा प्रवास करा: त्याच्या आधीचा सूर वरचा की खालचा? एक पाऊल की उडी? प्रत्येक सूर आधी गळ्याने, मग पट्टीने. पहिल्या चालीला चार दिवस लागतील, दहाव्या चालीला अर्धा तास.

बसवताना लक्षात येईल की गाणारा एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो आणि पेटीवर तसं घसरता येत नाही. त्याला मींड म्हणतात आणि ती पेटीत नाही. दरबारी रागातला झुलणारा कोमल गंधार पेटीवर निघत नाही, फक्त त्याची जागा दिसते. याच कारणांनी आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. म्हणून संगत करताना गायकाची प्रत्येक हरकत (सुरांची छोटी नक्षी) पेटीवर काढायचा हट्ट सोडा. तो मींड घेतो तेव्हा तुम्ही दोन्ही टोकांचे सूर हळू धरा, मधली वाट त्याला एकट्याला चालू द्या.

गुरू आणि परीक्षा

वर्षभर वर सांगितलेलं केलं की गुरू लागतोच. अमरावती, अकोला, वर्धा, नागपूर इथे शिकवणारे आहेत. आठवड्यातून एकदा एसटीने जाऊन यायचं. कितीतरी कॉलेजांत बीएला संगीत हा विषय असतो. तिथल्या प्राध्यापकांना जाऊन भेटा, खेड्यातून आलेल्या पोराला सहसा हाकलत नाहीत. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या, बाजूचे असाल तर दिवाळीनंतर वडसा-देसाईगंजकडच्या नाटक मंडळ्या निघतात. त्यांच्या वादकांजवळ चार रात्री बसलात तर चाल पटकन उचलणं म्हणजे काय ते दिसेल.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देता येतात: प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण आणि मग विशारद. हे मंडळ पलुसकरांच्या शिष्यांनी उभं केलं. खुद्द पलुसकरांनी पहिलं गांधर्व महाविद्यालय ५ मे १९०१ रोजी लाहोरला काढलं होतं. परीक्षेमुळे अभ्यासक्रम हातात येतो आणि आळस जातो, हा फायदा. प्रमाणपत्र भिंतीवर टांगून रियाज बंद झालेलेही मी पाहिलेत.

खेड्यातून काही होत नाही असं कोणी म्हणालं तर गायक वसंतराव देशपांडे आपल्या मूर्तिजापूरचे, १९२० चे, एवढं सांगा आणि सूर धरा.

ऊन, पाऊस, कापूस आणि उंदीर

पेटीचे चार शत्रू आपल्याकडे चारही आहेत. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा लाकूड सुकतं, सांधे उघडतात, हवा गळते. टिनाच्या छपराखाली किंवा गाडीच्या डिक्कीत दुपारभर पेटी ठेवू नका. पावसात लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात. अशा वेळी जोर करायचा नाही, दोन दिवस कोरड्या खोलीत ठेवली की बहुधा सुटतात. तबल्याचं उलटं. उन्हात कातड्याची पुडी ताणते आणि सूर चढतो, दमट हवेत उतरतो. पेटी हलत नाही, तेव्हा जुळवायचं तबल्यानेच. तबलजी कुरकुर करतो, करू द्या.

कापूस घरात भरलेला असेल तर पेटी त्या खोलीत नकोच. बारीक तंतू आत ओढले जातात आणि एखाद्या सुराच्या जिभेत अडकतात. सूर मुका होतो किंवा फरफरतो. आधी ती पट्टी दाबून भाता जोरात चार-पाच वेळा मारा, बरेचदा तेवढ्याने तंतू निघून जातो. नाहीच निघाला तर जाणकाराकडे न्या. ब्लेडने जीभ खरवडू नका. टोकाला खरवडली तर सूर चढतो, बुडाशी खरवडली तर उतरतो, आणि गेलेलं पितळ परत येत नाही. मी एक सूर असाच घालवलाय. उंदरांना भात्याचं कापड आवडतं. डांबरगोळी आणि घट्ट झाकण, दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

पहिल्यांदा चारचौघांत

कोजागिरीपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत देवळात पहाटे काकडा असतो. नवख्यासाठी याहून चांगली जागा नाही. माणसं दहा-बारा, सगळी घरची, निम्मी झोपेत. थंडीत बोटं आखडतात, म्हणून आधी शेकोटीवर हात शेकून घ्या. म्हणणाऱ्याला पट्टी आधीच विचारा. माहीत नसेल तर त्याला एक ओळ म्हणायला लावा आणि ती टेकते तो सूर धरा. पहिले आठ दिवस चाल वाजवायचीच नाही. फक्त सा धरून ठेवा, अधूनमधून प. मंडळाला आधार मिळतो आणि तुमचं चुकलेलं कोणाला कळत नाही. नवव्या दिवशी धृपद, म्हणजे परत परत येणारी ओळ, वाजवा, अंतऱ्याला परत सावर या.

मी पहिल्या दिवशी इतका घाबरलो होतो की अभंग संपला, टाळ थांबले, लोक प्रसादाला उठले, तरी माझा सा चालूच. शेवटी बुवांनीच खांद्यावर हात ठेवला. "अरे, देव उठला आता. भाता बंद कर अन् च्या पे."